बशीवर चमचा

फ्रिजचं बटण बंद केलं, खिडकीला रजई टांगली
की कुटाईसीतलं हे स्वयंपाकघर स्टुडिओ होतं.
ओतार मुक्या फ्रिजला पाठ टेकून उभा राहतो,
बस डेपोतलं ग्रीस नखांत तसंच,
आणि खालचा सूर धरतो: एक लांब, जाड ‘ओ’,
ज्यावर बाकीच्यांनी बिनघोर घर बांधावं.
मधला आवाज माझा.
वरचा त्सिउरीचा. त्सिउरी बारीला असते, इटलीत,
एका म्हातारीच्या उशाशी. सहावं वर्ष.

ती फोनमध्ये गाते, फाइल रात्री येते.
आमच्या दोन पट्ट्यांवर तिची तिसरी ठेवतो
आणि गाणं शिवणीत उसवतं.

आधी वाटलं, बहीण लय विसरली.
मग स्वतःचीच लाज वाटली;
पालथ्या बादलीवर मला मात्रा मोजायला
शिकवलं कुणी?
विचारलं, ऐकताना कानांत काय घालतेस?
म्हणाली, ते बिनवायरीचे, पांढरे. पहिल्या बोनसमधून घेतलेले.
चोर तिथेच बसला होता.
आमचा आवाज तिच्या कानी उशिरा पोचायचा
आणि ती त्या उशिराशी
अगदी इमानाने गायची.

वायरवाले घे म्हटलं, तर नव्या फोनला भोक नाही.
बरं, मग गाण्याआधी मी एक टाळी देतो,
तू ऐकशील तिथे तुझी दे.
“टाळी कशी देऊ? सिन्योराचा आत्ता डोळा लागलाय.”
शेवटी तिने बशीवर चमचा वाजवला.
हळूच. टिंग.

पडद्यावर तो एकटाच उभा दिसतो,
सपाट रानातल्या विजेच्या खांबासारखा.
माझी टाळी इथे, तिचा चमचा तिथे.
मधली जागा मोजली: दोनशे चौदा मिलिसेकंद.
एवढंच?
तिच्या व्हिसाच्या कागदांनी
अकरा महिने घेतले होते.

खांबाला खांब भिडवला. पहिलं कडवं जुळलं,
दुसरंही, जवळजवळ.
तिसऱ्याशी पुन्हा घसरण, केसभर, मग नखभर.
तिच्या फोनची सेकंदं आणि माझ्या कॉम्प्युटरची सेकंदं
एका मापाची नाहीत,
हे मला त्या रात्री अडीच वाजता कळलं.
कापायचं तर श्वासाशी कापावं.
श्वासाला सूर नसतो, टाका दिसत नाही.
सतरा श्वास मोजले तिचे, सतरा ठिकाणी सरकवले.
एकात नाक चोंदलेलं होतं. सर्दीचं बोलली नव्हती.

आणि तिसऱ्या कडव्यात, वर चढता चढता,
ती थांबते.
मागे खोकला. चादरीची सळसळ. कुजबुजून काहीतरी,
इटालियनमध्ये, लहान मुलाशी बोलावं तसं.
मग सोडला होता तिथूनच सूर उचलते,
रतीभर वर नाही, खाली नाही.
चार वेळा गायली होती ती. बाकी तिन्ही बिनखोकल्याच्या.
चांगली हीच.

माउस तिच्या ओळीवर नेला.
दीड सेकंद गिळून टाकायचा, काम सोपं होतं.
हात तिथेच राहिला.
मग मी ओतारला कापलं.
त्याच्या ‘ओ’चा एक तुकडा उचलून शेजारी लावला,
सांधा घासून घासून मऊ केला.
मला स्वतःला ताणलं. माझा आवाज जरा पत्र्यासारखा झाला,
होऊ दे.

सकाळी ओतारने ऐकलं, भुवई वर करून.
“इथे एवढा दम माझा नाही. मी सोडला होता.”
धरलास, मी म्हटलं.
त्याने परत लावलं. परत.
तिसऱ्यांदा खोकल्यापाशी आला तेव्हा
छाती भरून घेतली त्याने, आवाज न करता,
आणि ती वर येईपर्यंत तशीच धरून ठेवली.

मग हेडफोन काढून म्हणाला,
“फ्रिज लाव. कालपासून बंद आहे.
चीजला वास सुटलाय.”